विश्लेषण : ४के टीव्ही घेतला, तरी जुना चित्रपट धूसर का? डीव्हीडी, ब्ल्यू-रे आणि स्ट्रीमिंगमध्ये नेमका फरक काय?

मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांहून मोठे टीव्ही त्यामुळे स्वस्त झाले आणि अनेक घरांत ४३ किंवा ५५ इंचांचा ४के टीव्ही आला. पण नव्या टीव्हीवर कपाटातली जुनी डीव्हीडी लावली, की चित्र आधीच्या छोट्या टीव्हीपेक्षाही वाईट दिसते, असा अनुभव अनेकांना येतो. टीव्ही खराब नसतो, तबकडीही खराब नसते. मग बिघडते कुठे? डीव्हीडी, ब्ल्यू-रे आणि ओटीटीवरील चित्र यांत खरा फरक किती, तो कधी दिसतो आणि तबकड्या बाजारातून जात असताना त्याची पर्वा का करायची, याचा हा आढावा.

डीव्हीडीवर चित्र नेमके किती मोठे असते?

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. तेव्हा घरोघरी काचेच्या नळीचे टीव्ही होते आणि डीव्हीडीचे चित्र त्यांच्याच मापाने बेतले गेले. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते, तर एनटीएससी पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० बाय ४८० ठिपक्यांचे. म्हणजे पाल डीव्हीडीत एका चित्रात सुमारे ४ लाख १५ हजार पिक्सेल.

२००६ मध्ये आलेल्या ब्ल्यू-रेवर चित्र १९२० बाय १०८० असते, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल. हे डीव्हीडीच्या बरोबर पाचपट आहे. २०१६ मध्ये आलेल्या ४के ब्ल्यू-रेवर ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, डीव्हीडीच्या वीसपट.

आता ४के टीव्हीची अडचण लक्षात येते. पडद्यावर ८३ लाख ठिपके आहेत आणि डीव्हीडीतून माहिती येते ती फक्त ४ लाख ठिपक्यांची. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांपैकी एकाचीच खरी माहिती त्याच्याकडे असते.

सिनेमास्कोप चित्रपटांत तूट आणखी वाढते. रुंद चौकटीच्या चित्रपटात वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. पाल डीव्हीडीवर ५७६ ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राला सुमारे ४३६ ओळीच मिळतात. जुन्या काही डीव्हीडी चौकोनी टीव्हीसाठी काढल्या होत्या आणि काळ्या पट्ट्या चित्रातच भरल्या होत्या. त्यांत तर सुमारे ३२७ ओळीच उरतात. आजच्या रुंद टीव्हीवर अशी डीव्हीडी लावली, की चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट दिसते. त्याच चित्रपटाला ब्ल्यू-रेवर सुमारे ८१७ ओळी मिळतात.

एवढ्याच आकाराच्या तबकडीत इतकी जागा आली कुठून?

सीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे या तिन्ही तबकड्या १२ सेंटीमीटर व्यासाच्याच असतात. फरक लेझरच्या रंगात आहे. तबकडीवर माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपात एका लांबलचक वर्तुळाकार रेघेवर साठवलेली असते. खळगा किती बारीक असू शकतो, हे तो वाचणारा प्रकाशाचा ठिपका किती बारीक होतो, यावर ठरते. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितका ठिपका बारीक.

डीव्हीडीचा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा असतो, तर ब्ल्यू-रेचा निळसर जांभळा लेझर ४०५ नॅनोमीटरचा. ‘ब्ल्यू-रे’ हे नाव त्यावरूनच पडले. त्यामुळे शेजारच्या दोन रेघांमधील अंतर डीव्हीडीतील ०.७४ मायक्रोमीटरवरून ०.३२ मायक्रोमीटरवर आणता आले. एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दुपदरी डीव्हीडीत ८.५ जीबी. ब्ल्यू-रेच्या एका पदरात २५ आणि दोन पदरांत ५० जीबी. ४के ब्ल्यू-रे ६६ किंवा १०० जीबीपर्यंत जाते.

निळ्या लेझरवर चालणारा आणखी एक प्रकार होता, तोशिबाचा एचडी डीव्हीडी. सोनी आणि सहकाऱ्यांच्या ब्ल्यू-रेशी त्याची सुमारे दोन वर्षे स्पर्धा चालली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने फक्त ब्ल्यू-रेला साथ देण्याचे जाहीर केले आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार घेतली. चित्राच्या दर्जात दोघांत फारसा फरक नव्हता. चित्रपट कंपन्या कोणाच्या बाजूने जातात, यावर निकाल लागला.

पिक्सेल जास्त म्हणजे चित्र चांगलेच, असे का नाही?

कारण पिक्सेलची संख्या हा हिशेबाचा अर्धाच भाग आहे. दुसरा भाग आहे बिटरेट, म्हणजे प्रत्येक सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती खर्च केली, हे प्रमाण. कोणताही चित्रपट तबकडीवर किंवा इंटरनेटवरून मूळ रूपात येत नाही. तो दाबून लहान केलेला असतो. दोन चित्रांमध्ये न बदललेला भाग पुन्हा साठवायचा नाही, डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून द्यायचे, अशा युक्त्या त्यात असतात. दाब मर्यादेत असेल तर कळत नाही. तो वाढला, की पावसाच्या, धुराच्या, गर्दीच्या किंवा अंधाऱ्या प्रसंगात चौकोनी ठोकळे दिसू लागतात.

पाल डीव्हीडीचे चित्र न दाबता ठेवायचे तर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट लागतील. अडीच तासांचा चित्रपट दुपदरी डीव्हीडीत बसवला, तर सरासरी साडेसात मेगाबिट वाट्याला येतात, त्यातही आवाजाचा वाटा असतो. म्हणजे मूळ माहितीचा साधारण सतरावा ते विसावा भाग उरतो. ब्ल्यू-रेचे मूळ चित्र सेकंदाला सुमारे ५९७ मेगाबिटचे. ३० जीबीत अडीच तासांचा चित्रपट बसवला, तर सुमारे २७ मेगाबिट मिळतात, म्हणजे साधारण बाविसावा भाग. प्रमाण जवळपास तेवढेच आहे. पण डीव्हीडीत एमपेग-२ ही जुनी पद्धत आहे, तर ब्ल्यू-रेवर बहुधा एच.२६४ ही नवी. साधारण तेवढ्याच दर्जासाठी नव्या पद्धतीला जुनीच्या निम्मी माहिती पुरते. म्हणून ब्ल्यू-रेचे चित्र पाचपट मोठे असूनही अधिक स्वच्छ राहते.

भारतीय बाजारात ‘एकात तीन चित्रपट’ अशा डीव्हीडी भरपूर खपल्या. त्यांचाही हिशेब करून पाहता येतो. साडेसात तासांचा ऐवज ८.५ जीबीत कोंबला, की सेकंदाला अडीच मेगाबिट उरतात. पिक्सेल तेवढेच, डीव्हीडीचा शिक्काही तोच, पण प्रत्येक चित्राला माहिती एक तृतीयांश. अशा तबकडीवरून ‘डीव्हीडी म्हणजे असेच चित्र’ हा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. चांगल्या मूळ प्रतीवरून, एका तबकडीवर एकच चित्रपट अशा रीतीने काढलेली डीव्हीडी आजही बघण्याजोगी असते.

मग ओटीटीवरचा ‘एचडी’ आणि ‘४के’ कुठे बसतो?

हाच हिशेब पुढे नेला, तर गंमत कळते. फुल एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ग्राहकाला ५ एमबीपीएस आणि ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस इंटरनेट वेग सुचवते. तेवढाच प्रवाह धरला, तर फुल एचडीत मूळ चित्राचा सुमारे एकशेविसावा भाग आपल्यापर्यंत पोहोचतो आणि १० बिटच्या ४के चित्रात सुमारे दोनशेवा. ६६ जीबीच्या ४के ब्ल्यू-रेवर अडीच तासांच्या चित्रपटाला सेकंदाला सुमारे ५८ मेगाबिट मिळतात, म्हणजे साधारण एक्कावन्नावा भाग.

याचा अर्थ ओटीटीचे चित्र वाईट असते, असा नाही. कंपन्या नव्या पद्धती वापरतात, प्रत्येक चित्रपटाला, कधी प्रत्येक प्रसंगाला किती माहिती लागेल ते पाहून वाटप करतात. उजेडातल्या, संथ प्रसंगात ओटीटी आणि ब्ल्यू-रे शेजारी ठेवले तरी अनेकांना फरक सांगता येणार नाही. फरक पडतो तो अवघड प्रसंगांत. अंधाऱ्या खोलीतील भिंत, धुके, समुद्राच्या लाटा, क्रिकेटच्या मैदानावरील गवत अशा ठिकाणी ओटीटीचे चित्र गुळगुळीत किंवा ठोकळेदार होते, तर तबकडीचे टिकून राहते. इंटरनेटचा वेग घसरला, की ओटीटी गुपचूप खालच्या दर्जावर उतरते. तबकडीला तो प्रश्न नाही.

शिवाय आपण पैसे कशाचे भरतो, हेही पाहावे लागते. नेटफ्लिक्सच्या भारतातील बेसिक प्लॅनमध्ये चित्र ७२०पीपर्यंतच मिळते. स्टँडर्डमध्ये १०८०पी आणि ४के फक्त प्रीमियममध्ये. टीव्ही ४के असला तरी प्लॅन बेसिक असेल, तर ४के चित्र येणारच नाही. मोबाइलच्या बाबतीत आणखी एक अट आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ‘वाइडवाइन’ या सुरक्षा प्रणालीचा एल१ दर्जा नसेल, तर पडदा कितीही चांगला असला तरी मोठे ओटीटी अ‍ॅप सहसा डीव्हीडीच्या जवळपासचाच दर्जा देतात.

हा फरक डोळ्यांना कधी दिसतो?

पडदा किती मोठा आणि आपण किती लांब बसलो, या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे. सर्वसाधारण चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते, असे ढोबळमानाने धरतात. त्यावरून अंतर काढता येते.

- ३२ इंची टीव्ही : सुमारे ८ फुटांहून लांब बसल्यास डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेतील तपशिलाचा फरक कळणे कठीण.
- ४३ इंची टीव्ही : डीव्हीडीची मर्यादा सुमारे साडेदहा फुटांच्या आत दिसू लागते. फुल एचडी आणि ४केमधील फरकासाठी साडेपाच फुटांच्या आत बसावे लागेल.
- ५५ इंची टीव्ही : डीव्हीडीची मर्यादा साडेतेरा फुटांवरूनही जाणवते. ४केचा फायदा मिळवायला ७ फुटांच्या आत बसावे लागेल.

शहरातील फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यात बहुधा ७ ते १० फुटांचे अंतर असते. जुना २१ किंवा २९ इंची टीव्ही या अंतरावर होता, तेव्हा डीव्हीडी पुरेशी होती. पडदा वाढला, सोफा तिथेच राहिला. त्यामुळे डीव्हीडीतले आधीपासूनचेच दोष आता दिसू लागले. याच हिशेबाने, या अंतरावर डीव्हीडीवरून ब्ल्यू-रेवर जाताना दिसणारी सुधारणा मोठी असते आणि फुल एचडीवरून ४केवर जाताना ती बरीच कमी असते.

साडेसहा इंची फोनवर ४८०पी चित्र हातभर अंतरावरून बऱ्यापैकी स्पष्ट वाटते, तेही यामुळेच. सुमारे दीड फुटावरून त्या आकारात तेवढे ठिपके पुरतात. तोच व्हिडीओ टीव्हीवर टाकला, की धूसर दिसतो.

हे गणित फक्त बारीक तपशिलाचे आहे. रंग, अंधारातील छटा आणि ठोकळे यांचा फरक लांबूनही जाणवतो. डीव्हीडी आणि साध्या ब्ल्यू-रेवर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, ४के ब्ल्यू-रेवर १०२४. सूर्यास्ताच्या आकाशात पट्टे दिसणे किंवा न दिसणे यावर ठरते. एचडीआरमध्ये उजेड आणि अंधार यांतील पल्लाही वाढतो. म्हणून अनेकदा ४केत आवडलेली गोष्ट जास्त पिक्सेल नसून एचडीआर असते.

टीव्हीतील ‘अपस्केलिंग’ किती कामाचे?

डीव्हीडीचे छोटे चित्र मोठ्या पडद्यावर पसरवण्याच्या क्रियेला अपस्केलिंग म्हणतात. टीव्ही शेजारच्या ठिपक्यांवरून मधल्या ठिपक्यांचा रंग ठरवतो. आताचे टीव्ही ‘एआय’च्या नावाखाली कडा ओळखून त्या धारदार करतात. परिणाम चांगला दिसू शकतो, पण हरवलेला तपशील त्यातून परत येत नाही. दूरच्या पाटीवरची अक्षरे डीव्हीडीत नोंदलीच गेली नसतील, तर टीव्ही ती वाचून दाखवू शकत नाही. अंदाज चुकला, की चेहरे मेणाचे आणि कडा कापल्यासारख्या दिसतात.

घरात डीव्हीडी प्लेअर असेल, तर दोन गोष्टी तपासण्यासारख्या आहेत. पहिली, केबल. पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांच्या केबलमध्ये सगळे चित्र एकट्या पिवळ्या तारेतून येते. उजेडाची आणि रंगाची माहिती त्यात एकत्र मिसळते आणि टीव्हीत पुन्हा वेगळी करावी लागते. त्यात तपशील हरवतो, कडांवर रंगीत ठिपके सरकताना दिसतात. प्लेअरला एचडीएमआयची जागा असेल, तर ती केबल वापरल्याने तीच डीव्हीडी ठळकपणे सुधारते.

दुसरी, टीव्हीची सेटिंग. दुकानात उठून दिसावा म्हणून ‘विविड’ मोड असतो. तो रंग आणि धार अवाजवी वाढवतो, त्यामुळे डीव्हीडीतील ठोकळेही ठळक होतात. धार, म्हणजे ‘शार्पनेस’ कमी करून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावला, तर जुने चित्र शांत आणि नैसर्गिक दिसते. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद केली, तर चित्रपट मालिकेसारखा दिसत नाही.

जुन्या चित्रपटाला ब्ल्यू-रेचा उपयोग तरी काय?

‘१९५० च्या दशकातला चित्रपट एचडीत काय दिसणार?’ हा नेहमीचा प्रश्न आहे. पण ३५ मिलिमीटर फिल्मच्या मूळ निगेटिव्हमध्ये डीव्हीडीत मावेल त्यापेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. म्हणून चांगल्या स्थितीतील निगेटिव्हवरून ४के स्कॅन केलेला कृष्णधवल चित्रपट, टेपवर चित्रित केलेल्या नव्वदच्या दशकातील मालिकेपेक्षा स्पष्ट दिसू शकतो. चित्र कोणत्या तबकडीवर आहे, याइतकेच ते कशावरून काढले, हे महत्त्वाचे असते.

सत्यजित राय यांच्या ‘अपू’ चित्रत्रयीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. पुढे इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत त्यांतील वाचवता येण्याजोगा भाग दुरुस्त करण्यात आला, उरलेला इतर प्रतींवरून घेण्यात आला आणि २०१५ मध्ये ४के पुनरुज्जीवित प्रत आली. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ची फिल्म हेरिटेज फाऊंडेशनने पुनरुज्जीवित केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील चित्रपटांच्या डिजिटायझेशनचे आणि पुनरुज्जीवनाचे काम राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून सुरू आहे.

उलट बाजूही आहे. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत प्रभातसह जुन्या कंपन्यांच्या चित्रपटांची नायट्रेट रिळे जळाली. जिथे मूळ फिल्म उरलेली नाही, तिथे ब्ल्यू-रे काढली तरी ती पुढच्या पिढीतील प्रतीवरूनच निघते. जुन्या टेपवरील चित्र फुगवून ‘एचडी’ म्हणून चढवलेले चित्रपट यूट्यूबवर आणि ओटीटीवरही दिसतात. पाटी एचडीची, पण माल डीव्हीडीचाच. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे लांबून घेतलेल्या दृश्यातील चेहरे, झाडांची पाने आणि श्रेयनामावलीतील बारीक अक्षरे.

भारतात ब्ल्यू-रे का रुजली नाही?

भारतात डीव्हीडीआधी व्हीसीडीने घर केले होते. तिचे चित्र पाल पद्धतीत जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे डीव्हीडीच्या एक चतुर्थांश. व्हीसीडीवरून डीव्हीडीवर येताना भारतीय प्रेक्षकाला दर्जात मोठी उडी मिळाली. त्यातच मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली आणि अधिकृत तबकडीची किंमत रस्त्यावरच्या नकली तबकडीच्या जवळ आणली.

ब्ल्यू-रे आली तेव्हा तबकडीही महाग होती आणि प्लेअरही. फुल एचडी टीव्ही मोजक्या घरांत होते. ते सर्वत्र पोहोचेपर्यंत डीटीएचवर एचडी वाहिन्या आणि पाठोपाठ स्वस्त इंटरनेट आले. तबकडीची पायरी ओलांडून प्रेक्षक थेट ओटीटीवर गेला. मोझर बेअरही टिकली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. परिणामी अनेक मराठी चित्रपटांची घरी बघण्याजोगी सर्वात चांगली अधिकृत प्रत आजही डीव्हीडीच आहे.

तबकड्या गेल्या तर बिघडले काय?

जगभरातही तबकडीचा बाजार आटतो आहे. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे ब्ल्यू-रे प्लेअर आणणे थांबवले. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये टपालाने तबकड्या पाठवण्याची २५ वर्षांची सेवा बंद केली. बेस्ट बाय या अमेरिकी साखळी दुकानाने तबकड्यांची विक्री सोडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले.

प्रश्न फक्त चित्राच्या दर्जाचा नाही. ओटीटीवरील चित्रपट हक्कांचा करार संपला, की निघून जातो. ‘खरेदी’ केलेला डिजिटल चित्रपटही बहुधा परवानाच असतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे भाग पाडले आहे. तबकडी मात्र तुमच्या कपाटात राहते. ओटीटीवर कधीच न आलेल्या चित्रपटासाठी ती एकमेव वाट असते. त्यामुळे ‘चित्र धूसर दिसते’ म्हणून डीव्हीडी भंगारात देण्याआधी तो चित्रपट दुसरीकडे चांगल्या दर्जात मिळतो का, हे पाहणे शहाणपणाचे.

घरच्या लग्नाच्या डीव्हीडीचे काय करायचे?

बहुतेक घरांसाठी खरी मोलाची तबकडी हीच आहे आणि तीच सर्वात नाजूक आहे. बाजारातील चित्रपटाची डीव्हीडी साच्यातून छापलेली असते. लग्न, बारसे, मुंज यांची डीव्हीडी मात्र संगणकावर ‘बर्न’ केलेली असते. तिच्यातील माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी हा थर खराब होत जातो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत हा धोका अधिक. प्लेअर अडखळू लागला, म्हणजे तबकडी बिघडायला सुरुवात झाली असे समजावे.

अशी तबकडी ब्ल्यू-रेवर किंवा ‘४केमध्ये’ रूपांतरित करून घेण्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. मूळ चित्रण व्हीएचएस टेपवर झाले असेल, तर त्यात आडवा तपशील सुमारे २४० रेषांचाच होता. तो वाढत नाही. पण टेप अजून घरात असेल, तर ती जपावी. स्वस्तात काढलेल्या डीव्हीडीपेक्षा टेपवरून नव्याने चांगली प्रत निघू शकते.

डीव्हीडीच उरली असेल, तर तिच्यातील फाइल पुन्हा न दाबता, जशाच्या तशा संगणकावर उतरवून घ्याव्यात. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या ठिकाणी किंवा क्लाऊडवर ठेवावी. एका डीव्हीडीला जास्तीत जास्त साडेआठ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर किमान सहा-सात तबकड्या मावतात. मात्र एकट्या पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडीओ ही प्रत समजू नये, कारण पाठवताना तो पुन्हा दाबला जातो. बाजारातील चित्रपटांच्या डीव्हीडीवर कॉपीविरोधी कुलूप असते आणि ते तोडण्याबाबत कॉपीराइट कायद्यात तरतूद आहे. घरच्या चित्रणाला तसे काही बंधन नाही.

चित्रपटाची दुसरी प्रत जगात कुठेतरी असते. घरच्या समारंभाची अनेकदा एकच असते. ४के टीव्हीवर ती धूसर दिसेल, पण तबकडी वाचायची थांबली, तर तेवढीही दिसणार नाही.